कुलाब्याला खरंच रेल्वे स्टेशन होतं का? आणि होतं तर गेलं कुठे?

वाट_चुकलेला

नमस्कार मंडळी, परवा मोठ्या काकांना घेऊन मेट्रो ३ ने पार शेवटपर्यंत म्हणजे कफ परेडपर्यंत गेलो, काका ८४ वर्षांचे, त्यांना जमिनीखालून जाणारी गाडी बघायची होती. वर आलो, जरा चाललो आणि बधवार पार्कच्या भिंतीपाशी काका काठी टेकून उभे राहिले, म्हणाले यात नवीन काय आहे, इथे आधीपण गाडी यायची, कुलाबा टर्मिनस होतं इथे, आमचे तात्या इथूनच गाडीत बसून सुरतेला जायचे. मी म्हटलं काका ते बोरीबंदर असेल, तर माझ्यावर भडकले.

आता काकांचं असं आहे की दुपारी काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही पण १९५० सालच्या मॅचचा स्कोअर सांगतात. त्यामुळे विश्वास ठेवावा की नाही कळेना. शाळेत आपण फक्त बोरीबंदर ते ठाणे शिकलो. वेस्टर्नचं शेवटचं स्टेशन चर्चगेट, मेल गाड्या मुंबई सेंट्रलवरून, हे जन्मापासून असंच बघतोय. कुलाब्याला स्टेशन असेल तर बंद का केलं? इतक्या मोक्याच्या जागेचं स्टेशन कोणी बंद करतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

ठाणेकर_मूळचा

काकांचा घोळ झाला असणार. जुन्या लोकांच्या बोलण्यात कुलाबा म्हणजे अलिबागकडचा कुलाबा, आताच्या रायगडला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच म्हणायचे. आणि मुंबईतलं पहिलं टर्मिनस बोरीबंदरच, १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनच्या सुमारास १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब सिंध सुलतान अशी तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. हे आम्हा ठाणेकरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. तिथलं जुनं साधं स्टेशन पुरेना म्हणून मग व्हीटी बांधलं, १८७८ ला काम सुरू, १८८७ ला राणीच्या जुबिलीला नाव दिलं, १८८८ ला पूर्ण. त्यामुळे कुलाबा वगैरे काही नाही.

---

फलाट_शून्य

ठाणेकर, व्हीटीचं बरोबर आहे पण ती जीआयपी रेल्वे झाली, म्हणजे आताची सेंट्रल. काका वेस्टर्नचं सांगतायत आणि काका शंभर टक्के बरोबर आहेत. आणि अलिबागला जायला सुरतेची गाडी कोण पकडेल हो :)

वेस्टर्न म्हणजे तेव्हाची बीबी अँड सीआय, बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया. या कंपनीची गंमत अशी की नावात बॉम्बे पहिलं पण रूळ मुंबईत आले सगळ्यात शेवटी. काम सुरू झालं गुजरातेत, १८६० मध्ये सुरतेजवळच्या उत्राणपासून अंकलेश्वरपर्यंत पहिला तुकडा, मग नद्यांवर पूल बांधत बांधत खाली येत येत १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये गाडी मुंबईत पोचली ती कुठे, तर ग्रँट रोडला. म्हणजे वेस्टर्नचं मुंबईतलं पहिलं टर्मिनस ग्रँट रोड, आज तिथे फास्ट लोकल पण थांबायला कां कूं करते.

ग्रँट रोडच्या पुढे का नाही, तर पुढे समुद्र. आता जिथे मरीन लाइन्स चर्चगेट आहे तिथे रुळाला लागून पाणी होतं. त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिकडचा कापूस बंद, म्हणून इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडलेल्या आणि मुंबईत पैशाचा नुसता पूर आलेला. त्या पैशात बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली, समुद्र बुजवून जमीन करणार म्हणून, पाच हजाराचा शेअर पन्नास हजाराच्या घरात गेला (प्रेमचंद रायचंद वगैरे मंडळी, आजच्या आयपीओवाल्यांचे पूर्वज). १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव आपटला, सगळा बाजार झोपला, कंपनी बुडाली. पण जो काही भराव टाकून झाला होता त्याच्यावरून रेल्वेला दक्षिणेकडे सरकायला वाट मिळाली. सट्टेबाजांनी टाकलेल्या मातीवर आपली चर्चगेट लोकल धावते असं म्हटलं तरी चालेल.

तर मग टर्मिनस सरकायला लागलं. ग्रँट रोडवरून बॅकबे नावाच्या स्टेशनपर्यंत, ते आता नाही. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून जी पहिली लोकल सुटली ती या बॅकबेपर्यंतच. दिवसाला एकच गाडी हां, सकाळी जायची आणि संध्याकाळी परत. विरारकरांनो कल्पना करा, चुकली की उद्या. १८७० ला चर्चगेट स्टेशन, आणि १८७३ ला कुलाबा. पहिलं कुलाबा स्टेशन लाकडी, तात्पुरतं म्हणून उभं केलेलं, आणि आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे किती ते माहितीच आहे, नवीन पक्कं स्टेशन व्हायला १८९६ उजाडलं.

एवढा आटापिटा कुलाब्याला जायचा कशाला, तर कापूस. फोर्टातला कापसाचा बाजार १८४४ मध्ये कुलाब्याला हलवला होता, त्याला कॉटन ग्रीन म्हणायचे. गुजरातचा कापूस गाडीत भरायचा आणि थेट बाजाराच्या दारात उतरवायचा, जवळच १८७५ मध्ये ससून डॉक पण झाला. तेव्हा पॅसेंजरपेक्षा गासड्या महत्त्वाच्या.

बाकी उद्या लिहितो, आता ऑफिसची वेळ झाली, मीपण वेस्टर्नवालाच.

---

वाट_चुकलेला

बाप रे. काकांना हे वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. फलाट_शून्य तुम्ही लवकर या.

पण एक कळलं नाही, कॉटन ग्रीन तर हार्बरला आहे ना, शिवडीच्या शेजारी?

---

शिवडीची_शमा

ते मी सांगते कारण माझं माहेर तिथलं. मूळ कॉटन ग्रीन कुलाब्याचंच, पोर्ट ट्रस्टने माझगाव शिवडीकडे भराव टाकून मोठाल्या वखारी बांधल्या आणि १९२० च्या दशकात कापूस सगळा इकडे आला, येताना नाव पण घेऊन आला. कापूस गेला, नाव राहिलं. आमच्याकडे कॉटन एक्स्चेंजची बिल्डिंग हिरव्या रंगाची आहे म्हणून लहानपणी आम्हाला वाटायचं त्यावरूनच ग्रीन. ग्रीन म्हणजे मुळात मोकळं मैदान, फोर्टात आताचं हॉर्निमन सर्कल आहे तिथे बॉम्बे ग्रीन होतं, कापसाचे ढीग पहिले तिथे पडायचे. म्हणजे एका मैदानाचं नाव दोनदा घर बदलून आमच्या स्टेशनला चिकटलं.

---

ठाणेकर_मूळचा

बरं बाबा चुकलो. काकांना सॉरी सांगा. पण मला एक सांगा, आमच्या बोरीबंदरने १८५३ पासून जागा सोडली नाही, नावं बदलली, व्हीटी सीएसटी सीएसएमटी, पण जागा तीच. तुमची वेस्टर्न काय भाडेकरूसारखी दर काही वर्षांनी घर बदलते?

---

फलाट_शून्य

भाडेकरू चांगलं आहे :) आणि भाडेकरूला शेवटी घरमालकाने बाहेर काढलं असंच झालं.

शमाताईंनी माझं अर्धं काम केलं. कापूस शिवडीला गेला म्हणजे कुलाब्याला जायचं मूळ कारणच गेलं. पण ते एकटं कारण नाही. १९२० च्या आसपास गव्हर्नर जॉर्ज लॉइडने पुन्हा बॅकबे बुजवायचा घाट घातला, हजार एकराच्या वर जमीन काढायची, चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. समुद्र पश्चिमेला, शहर पूर्वेला आणि मध्ये किनाऱ्याने जाणारे रूळ. समुद्र बुजवून नवीन जमीन केली की ती रुळांच्या पलीकडे पडणार, मग दर थोड्या अंतरावर फाटक नाहीतर पूल, प्लॉटचा भाव येणार कसा? तेव्हा सरकारने रेल्वेला सांगितलं चर्चगेटच्या दक्षिणेची जागा सोडा.

ती स्कीम स्वतः किती गाळात गेली ती वेगळीच कथा, ड्रेजर गाळ उपसून टाकतोय आणि गाळ परत वाहून जातोय, खर्च वाढतोय, लोक त्याला लॉइडचा वेडेपणा म्हणायला लागले. खुर्शेद नरिमन यांनी त्यातल्या भानगडी बाहेर काढल्या, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. ज्या भरावावरून ते भांडले त्याच बॅकबेमधल्या पुढच्या भरावाला आज नरिमन पॉइंट म्हणतो आपण. हजार एकराचं स्वप्न निम्म्यावर पण आलं नाही.

पण रूळ मात्र गेले. आणि यातला माझा सगळ्यात आवडता, म्हणजे चिडचिड होणारा भाग ऐका. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. नवे खांब, नव्या तारा, सगळं कुलाब्यापर्यंत. १ सप्टेंबर १९२८ ला फ्रंटियर मेल सुरू झाली, कुलाब्याहून पार पेशावरपर्यंत (विलायतेच्या बोटी यायच्या त्या सीझनमध्ये बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटायची). आणि १९२९ ला लगेच नव्या टर्मिनसचं काम सुरू! म्हणजे कुलाब्याच्या तारांना तीन वर्षं पण नीट मिळाली नाहीत. रस्ता करून झाला की दुसऱ्या दिवशी केबलवाले खणायला येतात ना, ती परंपरा बरीच जुनी आहे.

नवं टर्मिनस म्हणजे मुंबई सेंट्रल. क्लॉड बॅटली आर्किटेक्ट, शापूरजी पालनजीने बांधलं, २१ महिन्यांत, एक कोटी ५६ लाख खर्च. १८ डिसेंबर १९३० ला उद्घाटन. आणि ३१ डिसेंबर १९३० ला कुलाबा बंद. नवीन वर्षाच्या सकाळी लोकलचं शेवटचं स्टेशन चर्चगेट, मेल गाड्यांचं मुंबई सेंट्रल. त्या दोन आठवड्यांत जे ठरलं तेच आपण अजून वापरतोय.

---

गोडबोले_कट्टा

सुंदर माहिती. एक शंका आणि एक भांडण.

भांडण आधी. सगळे लिहितात कुलाब्याच्या जागी मुंबई सेंट्रल आलं. मला हे अर्धंच पटतं. मेल गाड्यांसाठी ठीक आहे पण कुलाब्याला रोज ये जा करणाऱ्या लोकलवाल्या माणसाच्या दृष्टीने कुलाब्याच्या जागी चर्चगेट आलं आणि पुढचं अंतर बसने नाहीतर पायी. आजही चर्चगेटला उतरून कफ परेडला जाणाऱ्यांची शेअर टॅक्सीची लाइन बघा, ती लाइन म्हणजेच कुलाबा स्टेशनचा तुटलेला तुकडा आहे. एका टर्मिनसची दोन केली आणि त्यात मूळ गावच उपाशी राहिलं.

शंका ही की बेलासिस रोड नावाचं स्टेशन होतं ना तिथे?

---

फलाट_शून्य

गोडबोले, भांडण मान्य, शेअर टॅक्सीवालं तर फारच आवडलं. आणि हो, बेलासिस रोड हे लोकलचं स्टेशन, शेजारी मोठं टर्मिनस झाल्यावर त्याचं नाव पण बॉम्बे सेंट्रल झालं. म्हणून तर तिथे आजही लोकलचं स्टेशन आणि मेलचं स्टेशन एकमेकांना खेटून असले तरी दोन वेगळी घरं वाटतात, बॅगा घेऊन पुलावरून धावलेल्या कोणालाही विचारा.

---

ओव्हलचा_अकरावा

क्रिकेटवाल्यांसाठी भर. ओव्हल मैदानावर उभे राहिलात की पूर्वेला हायकोर्ट, राजाबाई टॉवर आणि पश्चिमेला त्या गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगी. दोन्ही मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. त्या पश्चिमेच्या बिल्डिंगी तिथे आल्याच कशा? रूळ आणि समुद्र दोन्ही हटले म्हणून. १९३० च्या आधी त्या बाजूला रस्ता, त्याच्या पलीकडे कुलाब्याचे रूळ आणि पलीकडे पाणी. बॅट्समनने मिडविकेटला उंच मारला तर बॉल गाडीच्या छपरावर बसून कुलाब्याला जाणार, असं आम्ही आपसात म्हणतो.

---

मालाडची_मृणाल

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, एरवी मी फक्त वाचते.

आमचे पणजोबा बीबीसीआयमध्ये कुलाब्याच्या मालधक्क्यावर कारकून होते. राहायला गिरगावात चाळीत, रोज चर्नी रोडहून गाडी. आजी सांगायची, ते घरी आले की आधी गॅलरीत उभं राहून कोट झटकायचे कारण कापसाचं बारीक भुरभुर सगळं कोटाला, भुवयांना पण चिकटलेलं असायचं, चाळीतली पोरं त्यांना म्हातारीचे केस म्हणायची. पुढे १९३१ ला बदली मुंबई सेंट्रलला. तिथलं ऑफिस नवंकोरं पण त्यांना म्हणे कधीच आवडलं नाही, कुलाब्याला दुपारी खिडकीतून वारा यायचा आणि इथे नुसता धूर, हे पेन्शनीत गेल्यावर पण सांगत बसायचे.

त्यांच्याकडून आमच्या घरात एकच गोष्ट शिल्लक आहे, एक पितळी कुलूप. मुठीत मावत नाही एवढं जड, एका बाजूला बी बी अँड सी आय आर अशी अक्षरं ठोकलेली, त्यातलं सी घासून घासून जवळजवळ ओ झालंय. किल्ली नाही. कडी उघडी आहे ती उघडीच, बंद केली तर परत उघडणार नाही म्हणून कोणी हात लावत नाही. आजी उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घातले की वरचं फडकं उडू नये म्हणून हे ठेवायची. आता माझ्या टेबलावर लाइट बिलांवर असतं. कुलाब्याच्या कुठल्या वखारीचं की नुसतं कपाटाचं, काही माहिती नाही.

---

शिवडीची_शमा

मृणाल फोटो टाक ना. आणि ते कुलूप चुकूनही लाव नकोस.

---

ठाणेकर_मूळचा

म्हातारीचे केस 😄 मस्त. आता एक प्रामाणिक प्रश्न, मग स्टेशनची इमारत कुठे गेली? व्हीटीसारखं काही शिल्लक नाही का, निदान एखादी भिंत, खांब?

---

फलाट_शून्य

जागा रेल्वेकडेच राहिली, त्यावर अधिकाऱ्यांची कॉलनी झाली तेच बधवार पार्क. बधवार हे स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष होते, त्यांचं नाव. बऱ्याच लोकांना हे नाव २६/११ मुळे कळलं कारण ते दहा जण समोरच्या मच्छिमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले होते. म्हणजे काका बरोबर त्याच भिंतीपाशी थांबले होते.

व्हीटीशी तुलना केली तर वाईट वाटतं खरं. तिकडे फ्रेडरिक स्टीव्हन्सने घुमट, कमानी, मोर, माकडं, पानंफुलं, जेजेच्या विद्यार्थ्यांकडून कोरून घेतलेली, सगळं जगासमोर उभं आहे. वेस्टर्नने पण त्याच स्टीव्हन्सकडून इमारत बांधून घेतली, पण ती स्टेशनची नाही, ऑफिसची! चर्चगेटसमोरची ती करडी पांढरी घुमटवाली, १८९९ ची. साहेबांची ऑफिसं राजवाड्यात आणि पॅसेंजरचं टर्मिनस सतत सामान बांधून तयार.

मला स्वतःला विचाराल तर कुलाबा बंद करणं तेव्हाच्या हिशोबाने अगदीच चूक नव्हतं, लांबच्या गाड्यांना तिथे वाढायला जागा नव्हती. पण लोकलचे रूळ उखडायला नको होते. तेवढे ठेवून वरून चार पूल टाकले असते तर पुढची ९५ वर्षं कफ परेडवाल्यांनी टॅक्सीच्या लाइनीत घालवली नसती.

---

गोडबोले_कट्टा

हेच म्हणत होतो. आणि शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गाडी परत कफ परेडला आणली ती जमीन खणून. वरचे रूळ फुकट होते.

---

वाट_चुकलेला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांना काल रात्री जेवताना पूर्ण धागा वाचून दाखवला. ठाणेकरांचं सॉरी स्वीकारलं आहे, "ठाण्याचे असूनही समजूतदार आहेत" असा निरोप आहे (माझं काही नाही, जसंच्या तसं लिहिलं).

मृणालताईंच्या कुलपाचं ऐकून मात्र काका एकदम गप्प झाले. मग म्हणाले तात्यांची एक लोखंडी ट्रंक माळ्यावर आहे, तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे कुठल्यातरी स्टेशनची. आज रविवार, सकाळी शिडी लावून ट्रंक काढली. चिठ्ठी आहे पण वरून कोणीतरी, बहुतेक माझ्या बाबांनीच, ऑइल पेंट मारलाय, दोन थर. काका म्हणतायत ब्लेडने हळूहळू खरवड, मला भीती वाटते कागद पण निघून येईल. कोणाला यातलं काही कळतं का? रंग काढायचा आणि खालचा कागद ठेवायचा असं काही करता येतं का?

---

शिवडीची_शमा

ब्लेड लावू नका!! माझी एक मैत्रीण जुन्या कागदांचं काम करते, तिला विचारून सांगते. तोपर्यंत काकांपासून ट्रंक लांब ठेवा.

---

वाट_चुकलेला

उशीर झाला. एक कोपरा खरवडून झालाय. "BA" असं काहीतरी दिसतंय असं काका म्हणतात, म्हणजे COLABA चं शेवटचं. मला तो नुसता गंज दिसतोय.